सबनीसांची हरकत

टॅक्सीत बसलं की मधुकर सबनीस आधी पट्टा लावत आणि मग ड्रायव्हरला बजावत, "भाईसाब, ये बेल्ट मैं अपनी मर्जी से लगा रहा हूँ. कानून के डर से नहीं." ड्रायव्हर पेशावरकडचा असे. आरशात बघून तो म्हणे, "यल्ला चाचा, मर्जी से लगाओ. खलास." सबनीस समाधानाने मागे टेकत. त्यांच्या मते एका माणसाचं स्वातंत्र्य वाचलेलं असे.

आमच्या ओळखीत सगळे त्यांना 'एनओसी' म्हणत. आखातात लायसन्स काढायचं, कर्ज मागायचं, नोकरी बदलायची, काहीही करायचं तर कंपनीचं पत्र लागतं, की आमची हरकत नाही. अजमानच्या एका कंपनीत ही पत्रं टाइप करण्यात सबनीसांची हयात गेली. "दिवसभर दुसऱ्याच्या वतीने हरकत नाही, हरकत नाही लिहितो," ते म्हणत. "संध्याकाळी तरी मला माझी हरकत घेऊ द्या."

ती घ्यायला त्यांना आमचा पक्ष होता. दोन्ही मोठ्या आघाड्यांना विटलेल्या काही मंडळींनी पुण्यात काढलेला हा तिसरा पक्ष, 'स्वेच्छा' नावाचा. म्हणणं साधं: सरकारने माणसाच्या आयुष्यात कमीत कमी लुडबुड करावी आणि कुणी कुणावर सक्ती करू नये. दर निवडणुकीला आमची अनामत जप्त होई. इकडे शारजा आणि शेजारच्या अजमानातले आम्ही आठ-नऊ जण त्याचे हितचिंतक. जिथे आमचं मत होतं तिथे आम्ही राहत नव्हतो आणि जिथे राहत होतो तिथे आम्हाला मत नव्हतं. त्यामुळे तत्त्वचर्चेला भरपूर वेळ मिळे. दर शनिवारी शारजाच्या अल नहदा भागात माझ्या मुलाच्या फ्लॅटवर आम्ही जमत असू. इथे राजकीय सभा चालत नाहीत, म्हणून त्याला सभा म्हणायचं नाही, 'चहा' म्हणायचं. वयाने मोठा म्हणून अध्यक्ष मी.

सक्ती नको म्हटल्यावर बहुमताचीही सक्ती नको. म्हणून आमचा नियम असा की एकाचीही हरकत असली तर ठराव अडला, विषय पुढच्या शनिवारी. सबनीसांसाठीच केल्यासारखा नियम.

पहिली हरकत चहावरच आली. "साखर आधीच घातलीत? कुणाच्या संमतीने?" तेव्हापासून माझी सून अदिती साखरेचं भांडं वेगळं ठेवू लागली. एसी चोवीसवर ठेवायचा ठराव कित्येक शनिवार लोंबकळला. एकदा तर मागच्या चहाचा वृत्तांत वाचत असताना ते मध्येच म्हणाले, "अध्यक्ष, मी खोकलो त्याची तुम्ही संमती म्हणून नोंद केली आहे. तो निव्वळ खोकला होता."

खरी जुंपली ती आघाडीवरून. पुण्याहून विचारणा आली होती की एका मोठ्या पक्षाबरोबर जायचं का, एक जागा मिळेल.

"काका, बी प्रॅक्टिकल," कौस्तुभ म्हणाला. हा शारजातच वाढलेला, दुबईच्या बँकेत कामाला. "एक सीट मिळाली तर कोणीतरी ऐकेल आपलं. नाहीतर आपण फक्त चहा पितोय."

"चहा तरी स्वेच्छेने पितोय," सबनीस म्हणाले. "त्यांच्याबरोबर गेलो तर त्यांची साखर प्यावी लागेल. माझी हरकत आहे."

विषय पुढच्या शनिवारी. मग त्याच्या पुढच्या.

अखेर कौस्तुभ मला लिफ्टपाशी म्हणाला, "काका, मी दुबईहून जॅममध्ये दोन तास काढून येतो. मेजॉरिटी रूल आणा, नाहीतर आम्ही यंगस्टर्स यायचं बंद करतो."

इथून पुढचं आमच्या लोकांत चुकीचं सांगितलं जातं. सबनीस हट्टी, तत्त्वावरून पक्ष सोडून गेले, असं सगळे म्हणतात. मीही आजवर मान हलवत आलो.

बहुमताचा नियम आणायला जुन्या नियमाने सर्वांची संमती हवी होती, म्हणजे सबनीसांचीही. त्यांच्या एका शब्दावर तो पडला असता. तरुण मंडळी आली नाहीत तर शनिवारी माझ्या दारावरची बेल कोण वाजवणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आठवडाभर मुलगा-सून कामावर, नातू खोलीत हेडफोन लावून. त्याला हाक मारली तर "कमिंग, आजोबा" म्हणतो आणि येत नाही.

म्हणून चहाच्या आधी मी सबनीसांना बाल्कनीत घेतलं. म्हटलं, "तुमच्यामुळे बैठका लांबतात. अदितीला त्रास होतो. तसं ती बोलली माझ्याकडे."

अदिती काहीच बोलली नव्हती.

सबनीसांनी खालच्या पार्किंगकडे पाहिलं. म्हणाले, "घर सूनबाईंचं आहे. त्यांच्यावर सक्ती नको."

आत येऊन मी ठराव वाचला आणि विचारलं, "कुणाची हरकत?" सगळ्यांच्या माना सबनीसांकडे वळल्या.

"हरकत नाही," ते म्हणाले. ऑफिसात लिहीत असतील तसंच, कुणा दुसऱ्याच्या वतीने.

त्या दिवशी आघाडीचा ठराव अर्ध्या तासात झाला. ती जागा काही आम्हाला मिळाली नाही. सबनीस पुन्हा आले नाहीत. सगळं पटापट ठरू लागल्यावर कौस्तुभ म्हणाला, एवढ्यासाठी यायचं कशाला, फोनवरच व्होटिंग करू. शनिवारी बेल वाजायची बंद झाली.

परवा अदिती कपाट आवरत होती. साखरेचं ते भांडं हातात घेऊन म्हणाली, "बाबा, सबनीसकाका सगळ्यांच्या आधीच का हो यायचे बंद झाले? जाताना कप विसळून द्यायचे. मी नको म्हटलं की म्हणायचे, स्वेच्छेने विसळतोय. आणि दर वेळी तेच, 'सूनबाई, आजही काही ठरलं नाही. म्हणजे पुढच्या शनिवारी यावं लागणार.' इतके खूश असायचे."

सबनीसांची बायको जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मुलगी कॅनडात. हे मला ठाऊक होतं. हरकतीशी त्याचा संबंध मी कधी लावला नव्हता.

शनिवारी मी बस धरून अजमानला गेलो. एक खोली, एक खुर्ची. मला खुर्ची देऊन ते पलंगावर बसले. चहा केला, साखर वेगळी ठेवली. मी सगळं सांगितलं. अदिती तसं म्हणाली नव्हती, मी खोटं बोललो होतो.

ते चमच्याने चहा ढवळत राहिले. कपात साखर नव्हती.

"म्हणजे माझी संमती फसवून घेतली होती," ते म्हणाले. "अशी संमती बाद असते, अध्यक्ष. ठराव रद्द."

"रद्द," मी म्हणालो.

"आणि पुढचे सगळे?"

"तेही."

मग एसीचा विषय निघाला. तो तसाच राहून गेला होता. चोवीसला त्यांची अजूनही हरकत होती. खाली दिवे लागले. मला परतीची बस होती. मी उठलो.

"निघतो आता, सबनीस."

त्यांनी साखरेच्या भांड्याचं झाकण लावलं, मग पुन्हा उघडलं.

"माझी हरकत आहे," ते म्हणाले.