गुणाजी परबाची डावखुरी पिकअप

"दोन बोटं! नुसती दोन बोटं लावायची की गाडी वळलीच! स्टिअरिंग आहे की लोणी!"

गुणाजी परब हे वाक्य सकाळपासून अकराव्यांदा म्हणत होता. भांडुपच्या त्याच्या चाळीत जो दिसेल त्याला तो थांबवत होता. संडासाच्या रांगेत उभ्या असलेल्यांनाही त्याने सोडलं नाही. बिचारे पळणार कुठे?

त्याचा आनंद खोटा नव्हता. संप फिसकटला, गिरणीचं दार बंद झालं, मग तीन वर्षं दुसऱ्याचा टेम्पो हाकला आणि आता कुठे १९८६ साली स्वतःची नवी कोरी 'भीमरथ' पिकअप दारात उभी राहिली. पुढे केबिन, मागे उघडा हौदा. सुगंधाने चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि नवऱ्याला बजावलं, "सांभाळून चालवा हां! आता आपला पोट हिच्यारच आसा."

"अगो, गाडी नाय ही, गाय आहे गाय!" गुणाजी म्हणाला.

गाय! आठवड्याभरात तिने शिंगं दाखवली.

काम ठरलेलं होतं. वेसाव्याच्या सखुबाई कोळिणीच्या मासळीच्या टोपल्या रोज सकाळी अंधेरी, मरोळ, पवई करत मुलुंडच्या बाजारात पोचवायच्या. सखुबाई स्वतः केबिनमध्ये गुणाजीच्या शेजारी बसायची. पंचावन्न वर्षांची बाई, पण आवाज असा की पुढच्या ट्रकला हॉर्न द्यायची गरजच पडू नये!

पहिल्याच रविवारी दोघं मुलुंडात शिरले. रस्ता सरळ, गुणाजीचे हात सरळ. एका खड्ड्यात चाक आपटलं मात्र, आणि गाडी डावीकडे निघाली! गुणाजीने स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. गाडी डावीकडेच!

"अरं, बाजार पुढं हाय! तू कुठं चाललंस?" सखुबाई ओरडली.

"मी नाय चाललो, मावशी! गाडी चाललीय!"

गाडी एका उघड्या फाटकातून आत गेली. फाटकावर पाटी होती, 'संपूर्ण शाकाहारी सोसायटी'. आतल्या अंगणात सोसायटीची वार्षिक सभा भरली होती. गच्च ब्रेक लावून गुणाजीने गाडी थांबवली ती पहिल्या रांगेपासून हातभर अंतरावर. गाडी थांबली, टोपल्या थांबल्या नाहीत! कोलंबी, बोंबील आणि मोठमोठ्या चिंबोऱ्या थेट सभासदांच्या पायांशी जाऊन पडल्या. त्यांतल्या चार चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधायच्या राहिल्या होत्या.

पुढचं काय सांगावं! साठ माणसं एका दमात साठ खुर्च्यांवर चढली. अध्यक्षांनी तर टेबल गाठलं. सेक्रेटरी मृणालिनीबाई तेवढ्या शिस्तीच्या. खुर्चीवर उभं राहून, साडी गुडघ्यापर्यंत आवरून, त्यांनी माइक सोडला नाही.

"हा विषय अजेंड्यावर नाही!" त्या किंचाळल्या. "हा विषय अजेंड्यावर नाही!"

सखुबाई खुर्च्यांखाली रांगून चिंबोऱ्या पकडत होती आणि वर बघून दटावत होती, "पाय हलवू नका वं! माझी चिंबोरी घाबरतं!"

गुणाजी गाडीतच बसून राहिला. हात स्टिअरिंगवर, तोंड उघडं. पहिल्या रांगेतली एक म्हातारी खुर्चीवर चढू शकली नव्हती. ती बंपरच्या अगदी समोर, मांडीवर जपमाळ घेऊन, डोळे मिटून बसली होती. हातभर अंतर! रात्री जेवताना गुणाजीने ताट हातभर पुढे सरकवलं आणि त्या अंतराकडे बघत बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने कंपनीचं अंधेरीचं सर्व्हिस सेंटर गाठलं. तिथे चंद्रप्रकाश कर्णिक नावाचे इंजिनिअर होते. टाय, पांढरा शर्ट, खिशात तीन रंगांची पेनं.

"तक्रार काय?"

"साहेब, गाडी डावीकडे जाते."

"कधी?"

"तिच्या मनात येईल तेव्हा!"

कर्णिकसाहेबांनी कंपाउंडच्या गुळगुळीत फरशीवर गाडीला दोन चकरा मारल्या. गाडी अशी चालली की जणू नवी नवरी सासऱ्यांना चहा द्यायला निघालीय! साहेबांनी लाल पेनाने लिहिलं, 'दोष आढळला नाही.'

"पण साहेब, काल चिंबोऱ्या..."

"हे बघा परब, देशभर आमच्या गाड्या धावतात. फक्त तुमचीच तक्रार आहे!"

एवढंच ऐकून गुणाजी परतला. पण मंगळवारी गाडी मरोळला एका न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीवर चढली. न्हाव्याच्या हातात वस्तरा होता आणि वस्तऱ्याखाली गिऱ्हाईक होतं! गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने पळालं ते परत आलंच नाही. गुरुवारी कांजूरला ती एका वरातीच्या घोड्याला अशी घासून गेली की घोडा मागे फिरून नवरदेवासकट घरी गेला.

प्रत्येक वेळी गुणाजी अंधेरीला जायचा आणि प्रत्येक वेळी नवं उत्तर मिळायचं. गाडी नवी आहे, रुळेल. टायरमध्ये हवा कमी आहे. टायरमध्ये हवा जास्त आहे. तुम्ही डाव्या कुशीवर झोपता का? एकदा तर हेड ऑफिसकडून टाइप केलेलं पत्र आलं, 'ग्राहकाने स्टिअरिंग घट्ट धरू नये.'

सुगंधाने ते पत्र दोनदा वाचलं. "मगे काय सोडून देवचा? हात जोडून बसाचा?"

गुणाजीला मात्र हळूहळू एक गोष्ट कळली होती. रिकामी गाडी शहाण्यासारखी चालते. टोपल्या भरल्या की तिचं डोकं फिरतं, डावीकडे ओढ घेते आणि खड्डा लागला की स्टिअरिंग हातात नुसतं गरगर फिरतं. आणि सर्व्हिस सेंटरचा नियम काय? 'तपासणीसाठी गाडी रिकामी करून आणावी!'

"साहेब, भरलेली तपासा ना एकदा!" गुणाजीने हात जोडले.

"मासळी? आमच्या कंपाउंडमध्ये?" कर्णिकसाहेबांनी टायने नाक झाकलं. "शक्य नाही!"

असे पाच महिने गेले. सुगंधा रोज सकाळी गाडीआधी नवऱ्याला ओवाळायला लागली. सखुबाई केबिनमध्ये बसेना. "मना अजून नातवाचं लगीन बघायचं हाय," म्हणून ती मागे हौद्यात टोपल्यांमध्ये बसायची, म्हणजे वेळ आली तर उडी मारता येईल. पण तिने गाडी बदलली नाही. "संपात माझ्या पोरांची नोकरी गेली तवा तूच टेम्पोतून उधारीवर घरपोच भाजी देलीस," एवढंच ती म्हणायची.

एके सोमवारी सर्व्हिस सेंटरच्या बाकावर गुणाजीच्या शेजारी घाटकोपरचा एक दशरथ नावाचा माणूस बसला होता. कपाळाला पट्टी, हात गळ्यात बांधलेला.

"काय झालं रे?"

"भीमरथ झाली!" दशरथ म्हणाला. "सिमेंटच्या गोण्या भरल्या होत्या. विजेच्या खांबाला भेटून आलो."

"डावीकडे?"

दशरथ ताडकन उठला. "तुला कसं ठाऊक? साहेब तर म्हणाले, फक्त माझीच तक्रार आहे!"

बाकावरचे आणखी तिघं एकदम वळले. "काय? फक्त तुझी? आम्हाला पण हेच सांगितलं!"

पाच माणसं, पाच पिकअप, पाच 'फक्त तुमचीच'! गुणाजीचं डोकंच सटकलं. सरळ आत गेला आणि कर्णिकसाहेबांच्या टेबलावर चावी आपटली.

"साहेब, उद्या सकाळी भरलेली गाडी तुम्ही चालवायची. वेसाव्यापासून पवईपर्यंत. नाहीतर आम्ही पाच जण पाच गाड्या भरून तुमच्या दारात आणतो आणि इथून सोडतो. कुठे जातील ते त्यांचं त्यांना ठाऊक!"

साहेबांनी खिडकीतून फाटकाकडे पाहिलं. फाटकातून आत येताना डाव्या हाताला त्यांचंच टेबल होतं. ते तयार झाले.

दुसऱ्या दिवशी कर्णिकसाहेब स्टिअरिंगवर बसले. शेजारी गुणाजी, मागे टोपल्यांत सखुबाई. मरोळपर्यंत साहेब हसत होते. "बघा परब, ड्रायव्हिंग ही कला आहे. गाडीला कळतं, कोण बसलंय ते."

पवईच्या उतारावर खड्डा आला. धाडकन!

साहेबांनी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. ते फिरलं. मग आणखी फिरलं. टेलिफोनच्या चकतीसारखं ते नुसतं फिरतच राहिलं आणि गाडी डावीकडे निघाली. डावीकडे बसस्टॉप होता. स्टॉपवर वीसेक माणसं होती.

"परब! वळत नाही! वळतच नाही हो!" साहेबांचा आवाज बायकी झाला.

"ब्रेक मारा!" गुणाजीने हँडब्रेक उपसला, अर्धा खिडकीबाहेर लोंबकळला आणि बोंब मारली, "पळा! पळा!"

पण खरी बोंब मागून आली. सखुबाईने बेंबीच्या देठापासून जी हाळी दिली, ती पवईच्या तलावापलीकडे ऐकू गेली असेल! माणसं वाऱ्यावरच्या पाचोळ्यासारखी पांगली. गाडी स्टॉपचा खांब खरवडून, पदपथ उतरून, एका तबेल्याच्या गवताच्या गंजीत घुसली आणि थांबली. एका म्हशीने वळून बघितलं आणि पुन्हा रवंथ सुरू केला.

कुणाला खरचटलंही नव्हतं. पण कर्णिकसाहेब खाली उतरले आणि मागे चालत गेले. स्टॉपपाशी, चाकाच्या खुणेवर, एक जेवणाचा डबा पडला होता. चपातीसारखा चपटा झालेला! डब्याचा मालक, एक म्हातारा कारकून, शेजारी उभा होता. तो म्हणाला, "मी इथेच बसलो होतो. अगदी इथेच."

साहेब मटकन पदपथावर बसले. टाय गवताने भरला होता, केसांत एक बोंबील होता.

"परब," ते म्हणाले, "गेल्या वर्षभरात अकरा जण आले माझ्याकडे. सगळ्यांना सांगितलं, फक्त तुमचीच. वरून तसंच सांगायला सांगितलं होतं हो!"

गुणाजीला त्यांना एक ठेवून द्यावीशी वाटली. हात उचललाही. पण साहेब रडत होते. गुणाजीने उचललेल्या हाताने त्यांच्या केसांतला बोंबील काढला. "लिहा साहेब आता. तिन्ही पेनांनी लिहा!"

आणि साहेबांनी लिहिलं! तिथेच, गंजीला टेकून, चार पानं. म्हाताऱ्याचा डबा पुराव्याला जोडला. हेड ऑफिसला तो डबा पोचला आणि तिथे काय हलकल्लोळ झाला देव जाणे, पण महिन्याभरात अकराच्या अकरा गाड्यांना परत बोलावणं आलं. स्टिअरिंगचा आतला सांधाच कच्चा निघाला होता. सगळ्यांना नवा बसवला, फुकट! दशरथने पेढे वाटले.

गुणाजीच्या गाडीची शेवटची चाचणी कंपाउंडमध्येच ठरली. भरलेल्या टोपल्यांसकट! मॅनेजर स्वतः काचेच्या केबिनमधून बघत होते. सुगंधा लुगड्याचा पदर खोचून आली होती. सखुबाई इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा पुढे बसली.

"चालवा परब!" कर्णिकसाहेब म्हणाले. "आता ती अगदी सरळ जाईल!"

गाडी खरंच सरळ जाणारी होती. घोटाळा गुणाजीच्या हातांत होता. पाच महिने डावीकडच्या ओढीशी झुंजता झुंजता ते हात आपोआप उजवीकडे पीळ द्यायला शिकले होते. त्याने गियर टाकला, हातांनी पीळ दिला आणि शहाणी झालेली पिकअप सांगितल्याबरहुकूम, लोण्यासारखी, उजवीकडे वळली! गुलाबाचा ताटवा, सायकलींची रांग, आणि मग काच! बंपर मॅनेजरच्या टेबलाला अलगद टेकला. मॅनेजर खुर्चीवर उभे, फाइल छातीशी.

सुगंधाने डोळ्यांवर पदर घेतला. कर्णिकसाहेब धावत आले, वाकून चाकं बघितली, स्टिअरिंग हलवून बघितलं.

"गाडीत काहीच दोष नाही हो!" ते हताश होऊन म्हणाले.

सखुबाई सावकाश खाली उतरली. मांडीवरच्या काचा झटकल्या.

"गारी मी घेऊन जातंय," ती साहेबांना म्हणाली. "हा डायवर हितं ठेव. दुरुस्त झाला की पाठवून दे!"