दुभाष्याची भूमिका

वडील वारल्यावर महिन्याभराने गावच्या नाट्यमंडळाने एकमताने ठराव केला, की त्यांनी लिहिलेले नाटक त्यांच्या इच्छेप्रमाणेच व्हावे. आयर्लंडमध्ये गॉलवेच्या पश्चिमेला आमच्या भागात रस्त्यावरच्या पाट्यासुद्धा नियमानुसार फक्त आयरिशमध्ये असतात. ठराव मात्र सोयीसाठी इंग्रजीत लिहिला.

नाटक साधे होते. इंग्रज न्यायाधीश खटला चालवतो आणि आरोपीला फक्त आयरिश येते. आरोपीचा शब्दन् शब्द प्रेक्षकांना कळावा, न्यायाधीशाचे नाही कळले तरी चालेल, हा वडिलांचा हट्ट. शेवटच्या आजारात त्यांनी मला बजावले होते, "दुभाष्या घालू देऊ नकोस."

न्यायाधीश व्हायला अर्धा गाव आला. आरोपी व्हायला, एवढे आयरिश बोलायला, कोणीच नाही. शेवटी अध्यक्ष फीनबारकाकांनी आपल्या जावयाला, टॉमाशला, उभे केले. पहिल्याच तालमीत तो आयरिशमध्ये काय बोलतो ते कोणाला कळेना.

"छोटासा दुभाष्या घालू," काका म्हणाले.

"बाबा नको म्हणाले होते."

"अगं पोरी, नाटक त्याचंच राहील. फक्त लोकांना कळेल!"

दुभाष्या आला. मग प्रत्येक वाक्य दोनदा येऊ लागले आणि नाटक लांबले. मध्यंतरातला चहा, सँडविच आणि सोडत यांना हात लावणे मंडळाच्या घटनेत बसत नव्हते. म्हणून आरोपीची वाक्ये कापली.

"गप्प उभा राहिला की कसा अस्सल आयरिश वाटतो बघ!" काकांनी जावयाची पाठ थोपटली.

नाट्यमहोत्सवात प्रयोग झाला. रिवाजाप्रमाणे डब्लिनहून आलेल्या परीक्षकबाई रंगमंचावर चढल्या आणि सर्वांदेखत निकाल सांगू लागल्या. "आरोपीचं ते मौन! हिरावलेल्या भाषेचा याहून मोठा आक्रोश मी ऐकलेला नाही." नाटकाला पहिले बक्षीस मिळाले. अभिनयाचे दुभाष्याला.

मग मला बोलावले. "सुरुवातीला दोन शब्द आयरिशमध्ये बोल," काका कुजबुजले, "बाकीचं सगळ्यांना कळेल असं."

आरोपीचा कठडा अजून जागेवरच होता. मी त्यात उभी राहिले आणि त्याचे कापलेले शेवटचे वाक्य म्हटले. मग उत्तराची वाट पाहिली. सभागृह उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

"काय गोड भाषा आहे गं आपली!" काकांनी डोळे पुसले. "थेट बापाचा आवाज!"

बाहेर सोरखाने, माझ्या लेकीने, माझा हात ओढला. "आई, तू काय म्हणालीस गं?"

"आरोपी विचारतो, या कोर्टात माझं बोलणं कळणारं कुणी आहे का?"

हे मी तिला इंग्रजीत सांगितले. उशीर झाला होता, आयरिशमध्ये समजावत बसायला वेळ नव्हता. घरी मुलांशी बोलताना तुम्हालाही घाई असतेच.