फेरनिसास उभें करून वाट पाहिली त्याची हकीकत

॥ श्री ॥ चौकटीवर बसोन येणाऱ्याजाणाऱ्यास न्याहाळणारा जो गजवदन, त्यास साष्टांग नमन करून, आणि लिहिण्यांत जें चुकेल त्याबद्दल सरस्वतीची क्षमा मागून, शके सतराशें तेरा, विरोधकृत् नाम संवत्सरे, मार्गशीर्षमासीं एका राज्यांत जें घडलें तें यथामति लिहितों. राज्याचें नांव विचारूं नये. मेल्यांची अब्रू तरी कशास काढावी? ऐकणारानें तोंडांत बोट घालावें ऐसी गोष्ट आहे, आणि आम्हीं घातलेलें बोट अद्याप बाहेर काढलेलें नाहीं.

तर त्या राजधानीच्या कोटास सात दरवाजे. पूर्वीं चाल ऐसी होती कीं ज्या मानकऱ्यास ज्या बातमीची वाट, त्यानें त्या दरवाजाशीं आपला माणूस उभा करावा. कोठीवाल्याचा माणूस धान्याच्या गाड्यांसाठीं, पागेवाल्याचा वैरणीसाठीं, वैद्याचा जडीबुटीसाठीं, आणि ऐसीं माणसें उभीं राहून राहून दरवाजांत इतकी दाटी जाहली कीं ज्या गाडीची वाट पाहावयाची तीच आंत शिरेना, आणि सगळे उभ्या उभ्या सरकारचा भात खात, आणि काम म्हणाल तर जांभया देणें. मग नागोजी म्हणोन, ज्यास पुढें ह्याच फेऱ्यांवरून फेरनीस म्हणूं लागले, ऐसा एक हुशार गृहस्थ पुढें जाहला. त्यानें महाराजांस अर्ज केला कीं, ही सारी खोगीरभरती घरीं पाठवावी, सातही दरवाजे मी एकटा फिरतों. ज्यास ज्या गोष्टीची वाट असेल त्यानें मजपाशीं आधीं सांगून ठेवावें, कीं अमुक दरवाजीं अमुक आलें म्हणजे मला हांक मार, आणि मग आपल्या कामास, झोपेस, सोंगट्यांस, मन मानेल तिकडे जावें. हांक आली कीं उठावें, आपलें काम उरकावें, लांबणारें असेल तर दुसऱ्यावर सोपवावें, आणि मला लागलीच मोकळें करावें, म्हणजे मी पुढल्या दरवाजीं जाईन. सगळे दरवाजे रिते असले तर मी पारावर टेकेन, आणि कोठें कांहीं आलें तर देवडीवाल्यानें घंटा वाजवावी. महाराजांस हें पसंत पडलें, आणि काय सांगावें, एका माणसाच्या दोन पायांवर सारें राज्य सुरळीत चालूं लागलें, आणि शेजारचे राजेही ही रीत शिकावयास कारकून पाठवूं लागले.

परंतु माणसास यश आलें कीं त्याच्या डोक्यांत वारा शिरतो, तैसा नागोजीच्याही शिरला. त्यानें आणखी एक कलम घातलें, कीं दारची बातमी फेरनिसाखेरीज कोणी ऐकूं नये आणि कोणी सांगूं नये, आणि त्याकरितां देवडीवाले, जासूद, सांडणीस्वार, सर्वांनीं बेलभंडार उचलून शपथ घ्यावी. निमित्त काय, तर बाजारगप्पा आंत येऊं नयेत. खरें कारण तें त्याचें त्यास ठाऊक. चिटणिसांनीं एकदां भीत भीत सुचविलें कीं जोडीस दुसरा माणूस असावा, तर नागोजीनें हंसून उत्तर केलें कीं एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत. झालें, तेथेंच तो विषय संपला.

आतां प्रसंग ऐका. महाराजांचे एकुलते पुत्र, ज्यांस सारें राज्य लाडानें बाळराजे म्हणे, ते उत्तरेच्या गडावर होते, आणि गनिमानें त्या गडास वेढा घातल्याचें वर्तमान आलें. गड राजधानीपासून सांडणीच्या दोन प्रहरांच्या वाटेवर. महाराजांनीं अन्न टाकिलें, पाणी टाकिलें, आणि सकाळीं सदरेवर येतांच नागोजीस बोलावून फर्माविलें, "तूं सात दरवाजे हिंडतोस आणि येथें माझा जीव टांगणीस लागतो. गडाकडील बातमी येई तोंवर माझ्या पुढून हलावयाचें नाहीं. आली कीं त्याच क्षणीं मला सांगावयाची." ऐसें म्हणोन आपल्या हातानें विडा दिला.

आम्हांस येथें लिहितांना अंगावर कांटा येतो, कीं त्या भरल्या सदरेंत पेशव्यांपासून हुजऱ्यापर्यंत शहाण्यांची रांग बसली होती, आणि त्यांतील एकाच्याही डोक्यांत उजेड पडला नाहीं. उलट सर्वांनीं माना डोलाविल्या कीं धन्यांनीं उत्तम योजिलें. आणि नागोजी? त्याच्या सात पिढ्यांत कोणास सदरेवर महाराजांच्या पुढ्यांत उभें राहण्याचा मान मिळाला नव्हता. त्याची छाती फुगली. त्याच्या मनांत आलें कीं, हें घरीं सांगेन तेव्हां बायको खरें मानणार नाहीं, आणि ह्या विचारांत तो हात जोडून जो उभा राहिला तो खांबासारखा राहिला.

इकडे पहिला प्रहर संपावयाच्या आंत गडावरून सटवाजी सांडणीस्वार उत्तर दरवाजीं येऊन ठेपला. उत्तररात्रीपासून सांडणी हांकून तिच्या तोंडास फेंस आलेला, आणि ह्याच्या खांद्यांत बाणाचें टोंक. देवडीवाल्यानें घंटा वाजविली. फेरनीस आला नाहीं. पुन्हां वाजविली. देवडीवाल्यानें काकुळतीनें विनविलें कीं मजपाशीं सांग, मी धांवत जाऊन सांगतों, तर सटवाजी म्हणाला कीं बेलभंडार उचलला आहे, फेरनिसाच्या कानाखेरीज बोलणार नाहीं, आणि तूंही उचलला आहेस, तूं ऐकणार कैसा? फेरनीस दुसऱ्या कोठल्या दरवाजीं असेल, येईलच, ऐसें समजून सटवाजी देवडीच्या भिंतीस पाठ लावून बसला. मग दुसऱ्या दरवाजीं धान्य आलें आणि तेथील घंटा वाजली, तिसऱ्यास सरपण आलें, चवथ्यास वैद्याची औषधें आलीं, आणि सातही घंटा एकदम वाजूं लागल्या, आणि मानकरी आपआपल्या जागीं हांकेची वाट पाहत निजून राहिले. त्या गलबल्यानें महाराजांचें डोकें दुखूं लागलें आणि त्यांनीं हुकूम केला कीं घंटा बंद करा, मला माझ्या लेंकराची बातमी ऐकावयाची आहे. घंटा बंद जाहल्या. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा म्हणतात, पण येथें तर कळसा काखेंत असून गांवाची तोंडें शिवून टाकिलीं.

आणि सर्वांत भयंकर तें पुढें आहे. महाराज घटकेघटकेस विचारीत, "नागोजी, आली का?" आणि नागोजी हात जोडून म्हणे, "नाहीं महाराज." न पाहतां म्हणे. ज्या दरवाजाकडे सकाळपासून फिरकला नाहीं त्याच्यावतीनें छातीठोक सांगे कीं नाहीं. खोटें बोलावें ऐसा त्याचा हेतु नव्हता. घंटा ऐकल्या त्या रोजच्या गाड्यांच्या ऐसें त्यानें धरिलें, आणि त्यास खरेंच वाटे कीं बातमी आली असती तर मला कळलीच असती, आजपर्यंत मला न कळतां कांहीं आलें आहे काय?

तिसरा प्रहर उलटला. मुदपाकांत सरपण नाहीं म्हणोन चूल पेटली नाहीं, आणि ती कां पेटली नाहीं हें पाहावयास बाळराजांची स्त्री सगुणाबाईसाहेब बाहेर आल्या. रीत नसतां डोक्यावरून पदर घेऊन त्या सदरेच्या उंबऱ्यापर्यंत आल्या, नागोजीस त्यांनीं पाहिलें, आणि हळूच विचारिलें,

"फेरनीस, तुम्ही येथें, तर दाराशीं कोण आहे?"

नागोजीच्या हातांतला विडा, जो त्यानें घरीं दाखवावयास जपला होता, तो गळून पडला. मग परवानगी न मागतां, मुजरा न करितां, धन्याकडे पाठ फिरवून तो जो धांवत सुटला तो उत्तर दरवाजीं जाऊन कोसळला. सटवाजीचें अंग तापानें फणफणलें होतें, तरी शुद्ध होती. त्यानें नागोजीच्या कानास तोंड लाविलें आणि निरोप सांगितला, कीं बाळराजांनीं आबासाहेबांस, म्हणजे महाराजांस, विचारिलें आहे, आज सूर्य मावळेपर्यंत गनीम गड सोडून उतरावयास वाट देतो, उतरूं कीं लढूं? आबासाहेब उतर म्हणाले तर उतरेन, आणि कांहींच न म्हणाले तर लढ म्हणाले ऐसें समजेन.

नागोजीनें आकाशाकडे पाहिलें. ऊन कोटाच्या भिंतीवर चढलें होतें. तो परत कैसा आला, तें त्यास पुढें कधीं आठवलें नाहीं. सदरेवर त्यानें निरोप शब्दशः सांगितला, आणि महाराज उभे राहिले आणि म्हणाले, "उतर म्हणावें. गड जाऊं दे, तूं ये म्हणावें." पागेंतील उत्तम सांडणी सुटली. परंतु वाट दोन प्रहरांची आणि दिवस प्रहरभरही उरला नव्हता, हें बायकापोरांसही समजत होतें.

दुसरे दिवशीं गडाकडील माणूस आला. फार दिवसांपूर्वीं महाराजांनीं नागोजीपाशीं सांगून ठेविलें होतें, कीं बाळराजांची कैसीही बातमी येवो, मला हांक मार. त्याप्रमाणें नागोजी सदरेच्या दारीं आला, आणि त्याच्यानें हांक मारवेना. तो रडूं लागला. महाराजांनींच त्याकडे पाहून म्हटलें, "सांग. आज तरी थांबूं नकोस."

मग त्यानें सांगितलें. कीं सूर्य टेकला तेव्हां गनिमाचें शिंग वाजलें, आणि बाळराजे बुरुजावरून वाटेकडे पाहत होते, आणि वाट रिकामी होती. तेव्हां ते म्हणाले, "आबासाहेब लढ म्हणतात," आणि कंबर बांधून खालीं गेले, आणि दरवाजांतच पडले.

नागोजीनें पदर पसरून तोफेच्या तोंडीं देण्याची विनंति केली. महाराजांनीं मान्य केली नाहीं. म्हणाले, तुला उभें मीं केलें. त्याच दिवशीं बेलभंडाराचें कलम रद्द जाहलें, आणि जोडीस दुसरा माणूस नेमिला, आणि हुकूम लिहिला गेला कीं फिरत्या फेरनिसास कोणीही अडवून वाट पाहों नये, महाराजांनींही पाहों नये. शेजारच्या राजांनींही हा हुकूम आपल्या दरवाजांवर कोरविला, परंतु त्यांचीं लेंकरें जीवंत होतीं.

तात्पर्य इतकेंच, कीं जो बातमी आणणार त्यासच धरून ठेविलें आणि बातमीची वाट पाहिली. महाराजांनीं पुढेंही पुष्कळ वर्षें राज्य केलें. परंतु कोणास कांहीं विचारिलें आणि तो उत्तर द्यावयास क्षणभर थांबला, तर त्यांस दरदरून घाम सुटे, आणि ते म्हणत, "बोल रे बाबा, कांहींतरी बोल." हें वर्तमान जैसें घडलें तैसें लिहिलें, मोठेपणा घातला नाहीं. बहुत काय लिहिणें.