पाय लागला, हात द्या

इथे इंग्लंडमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा गानबोल्ड माणसांना लाथा घालतो आणि मग ज्याला लाथ घातली त्याचाच हात धरून माफी मागतो. पहिलं काम तो पोटासाठी करतो, दुसरं मनापासून.

गानबोल्ड मंगोलियाचा, पेशाने किकबॉक्सर. त्याच्याकडे रिवाज असा, की चुकून कुणाला पाय लागला तर तिथल्या तिथे हात मिळवायचा, नाहीतर मनात वैर राहतं. अशा माणसाने लाथांचंच करिअर का निवडावं, ते देव जाणे! सामना संपला रे संपला की स्वारी समोरच्याकडे धावते. "फूट टच, हँड प्लीज!" एकदा समोरचा नाकावर बर्फ धरून बसला होता, आणि हा हात पुढे करून ढिम्म उभा. शेवटी त्या बिचाऱ्याने बर्फ डाव्या हातात घेतला आणि उजवा दिला.

मूळचा हा कराटेवाला. त्याच्या कराटेत लाथ नाकापाशी नेऊन थांबवायची. खरीच बसली तर गुण जातात. किकबॉक्सिंगमध्ये सगळं उलटं. पण लहानपणचं वळण जातंय कुठे? आमच्या किचनमध्ये त्याने प्रात्यक्षिक दाखवलं, तेव्हा त्याची टाच माझ्या चष्म्यापुढे बोटभर अंतरावर थांबली. चष्मा हलला नाही. मी मात्र फ्रिजला जाऊन टेकलो.

नॉटिंगहॅमला याच वळणाने घात केला. समोरच्याचे हात दमून खाली आले होते, लोक ओरडत होते, आणि या पठ्ठ्याने पाय त्याच्या कानाशी नेऊन थांबवला. सामना गेला. आमचं स्लाऊ गाव येईपर्यंत कोच गाडीत नुसता बरसत होता म्हणे. "मॅन टायर्ड," गानबोल्ड मला म्हणाला. "व्हाय टच?"

गेल्या उन्हाळ्यात माझी आई साताऱ्याहून आली. दुसऱ्याच दिवशी जिन्यात याचा पाय तिच्या पायाला लागला. "अगंबाई!" म्हणत सवयीने आईनेच त्याच्या दंडाला हात लावून नमस्कार केला. याने तो हात वरच्या वर दोन्ही हातांत पकडला.

"सेम! मंगोलिया सेम!"

"होय रे बाबा, सेमच," आई म्हणाली आणि वर येऊन मला सांगितलं, "वळण आहे हो पोराला."

त्या दिवसापासून गानबोल्डचा गणू झाला. आणि रोज सकाळी जिन्यात गणूचा पाय आईला लागू लागला. मग "सॉरी, आई!", मग हातात हात, मग आमच्याकडे थालीपीठ.

"एवढा मोठा खेळाडू, आणि धड जिना उतरता येत नाही!" मी चिडवायचो. तो थालीपीठ खात राहायचा. त्याची आई उलानबातारला एकटी असते. रोज व्हिडिओ कॉल होतो. एकदा फोन ठेवता ठेवता म्हणाला, "फोन गुड. फेस कम, व्हॉइस कम. हँड नो कम." मी त्याला लोणचं वाढलं.

आई परत निघाली त्या सकाळी त्याने तिची जड बॅग दोन बोटांवर खाली आणली, आणि दारात शेवटचा एकदा पाय लावला. गाडीत मी म्हणालो, "सुटलीस बाई गणूच्या पायांतून!"

"अरे वेड्या," आई म्हणाली, "तुझ्या चष्म्यापाशी टाच थांबवणारा माणूस तो. त्याचा पाय चुकून लागेल का कुणाला?"

"म्हणजे मुद्दाम?"

"मुद्दामच. मी तरी माझा पाय कुठे मागे घेत होते?"

हीथ्रो विमानतळावर तिची बॅग मी दोन्ही हातांनी ओढून उतरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर दार वाजलं. जिन्यावरून पावलं उतरू लागली, नेहमीपेक्षा सावकाश. मला ऑफिसला उशीर होत होता. तरी जिन्याच्या वळणावर जाऊन उभा राहिलो आणि बूट थोडा पुढे सरकवला.

तो आला. बुटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग अगदी अलगद पाय लावला.

"सॉरी," तो म्हणाला, आणि माझा हात बराच वेळ सोडला नाही.