पडझडीविना दिवस

दोन पायांवर ताठ उभा राहिला म्हणून माणूस इतर प्राण्यांच्या पुढे गेला. (बसून झालेली प्रगती, उदाहरणार्थ दूध सोसायटी आणि राजकारण, यात धरलेली नाही.) शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या शिवेवरच्या एका गावानं या प्रगतीचा पुढचा टप्पा गाठला. गावाचं नाव सांगत नाही. लग्नाची पोरं आहेत तिथं. या गावच्या ज्येष्ठ नागरिक संघात सलग चारशे नव्व्याण्णव दिवस कुणीही पडलं नव्हतं.

श्रेय अध्यक्ष पोपटरावांचं. त्यांचा मुलगा इंद्रजीत रांजणगावला कंपनीत आहे. तिथं गेटवर 'अपघाताविना दिवस' असा फळा असतो आणि त्यावरचा आकडा रोज एकानं वाढतो. इंद्रजीतनं तसाच एक करून संघाच्या कट्ट्यावर टांगला: 'पडझडीविना दिवस'. खाली खिळ्यांना अडकवायचे आकडे. पोपटरावांना फळा फार आवडला. (त्यांनी उद्घाटन केलेल्या वस्तूंपैकी अजून चालू असलेली ही एकमेव.)

फळा लागला आणि गावातलं पडणं थांबलं. म्हणजे म्हातारी माणसं पूर्वीसारखीच जमिनीवर जात होती. पण आता तिघांची समिती प्रत्येक घटना तपासून योग्य सदरात घालू लागली. ओट्यावरून गेलेले ज्योतिबा 'घाईनं उतरले'. शेणावरून घसरलेल्या कस्तुराबाई 'विश्रांतीस बसल्या'. मारुतरावांचं मनगट मोडलं, त्याची नोंद 'जमिनीस हात लावला' अशी आहे. वर्षभरात पडलेले: शून्य. प्लास्टर: नऊ.

एवढ्या यशाचं तोंड गोड करायला नको? आठवडा बिनपडझडीचा गेला म्हणून दर सोमवारी एकेचाळीस सभासदांत सहा किलो जिलेबी वाटली जाई. त्यानं सभासदांचं वजन सरासरी नऊ किलोंनी वाढलं, वजनानं गुडघे बोलू लागले, गुडघ्यांपायी चालणं बंद झालं, आणि चालणंच बंद म्हटल्यावर पडायला वाव राहिला नाही. समितीनं अहवालात जिलेबीचे आभार मानले.

स्वतः पोपटराव एकशे चौदा किलो. त्यांच्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीनं एकदा पाय फाकले (नोंद: 'खुर्ची निकृष्ट'). तेव्हापासून त्यांना दोन खुर्च्या एकात एक घालून मिळत. ते पाहून मारुतरावांनीही, वजन अवघं सत्तावन्न असून, दोन मागितल्या. मग अध्यक्षांना तीन देणं भागच पडलं.

पाचशेव्या दिवसाचा सोहळा ठरला. मंडप, शाली, शिरूरहून डॉक्टर अनुपमा मॅडम, आणि दहा किलो जिलेबी.

चारशे नव्व्याण्णवाव्या दिवशी सकाळी पोपटराव न्हाणीत पडले.

ओली फरशी, एक पाय इकडं, एक तिकडं, मध्ये एकशे चौदा किलो. इंद्रजीत पहिल्या पाळीला गेलेला. साळूबाईंनी नवऱ्याच्या काखेत हात घालून बघितला, तर त्यांचेच गुडघे कुरकुरले. शेजारच्यांना हाक मारते म्हणाल्या. पोपटरावांनी खालूनच नकार दिला. फळ्याचं काय? मग साळूबाईंनी त्यांच्या डोक्याखाली उशी दिली, अंगावर टॉवेल टाकला, बशीनं चहा पाजला, आणि दीड तास उंबऱ्यावर बसून राहिल्या. दूध न्यायला हनुमंत टेम्पो घेऊन आला, तेव्हा त्यानं दुधाचे कॅन चढवायची फळी लावून अध्यक्षांना उभं केलं. कुणाला सांगणार नाही अशी शपथ घेऊन तो गेला.

"धरायला एक दांडा बसवा म्हणून दोन वर्सं सांगतीय मी," साळूबाई म्हणाल्या.

"अध्यक्षाच्या न्हाणीत दांडा? लोक काय म्हणतील?"

"आन् मी घरात नसते तर काय म्हणले असते लोक?" साळूबाई उशी वाळत घालत म्हणाल्या. "उद्या मॅडमला सांगा. न्हाईतर मी सांगते."

दुसऱ्या दिवशी टाळ्यांच्या गजरात इंद्रजीतनं फळ्यावर ५०० लावले. मॅडमनी विचारलं, वर्षभरात कोण कोण पडलं? एकही हात वर नाही. मॅडमनी समोरची प्लास्टरं मोजली, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, हरकत नाही, सोपी चाचणी घेऊ. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठायचं. पहिला मान अर्थातच अध्यक्षांचा.

पोपटरावांनी स्टेजवर बसल्या बसल्या हात छातीशी घेतले, श्वास ओढला आणि उठले. तिन्ही खुर्च्या त्यांच्याबरोबर उठल्या. अर्ध्या वाटेवर चौघांचाही विचार बदलला आणि सगळे एकदम खाली आले.

मंडप हसला. मारुतराव तर प्लास्टर मांडीवर आपटून हसले. बायकांच्या बाजूला साळूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या गुडघ्यावर हात टेकून हळूहळू उठू लागल्या. पोपटरावांनी ते पाहिलं आणि माईक ओढला.

"बस तू. सांगतो मी. काल न्हाणीत पडलो. दीड तास तिथंच हुतो. हिनं उशी दिली म्हणून बरं." मग मंडपाकडं वळून म्हणाले, "आता हसले त्यांनी उठून दाखवा. हात न टेकता."

कुणीच उठलं नाही. जरा वेळानं मारुतरावांचा बिनप्लास्टरचा हात वर गेला. "मी बी पडलोय, अध्यक्ष. दोनदा." मग कस्तुराबाईंचा. मग ज्योतिबांचा. मॅडमनी मोजले: एकेचाळिसांत एकतीस. इंद्रजीत फळ्याकडं गेला आणि त्यानं नुसता पाच काढला. शून्यं आधीच लागलेली होती.

वाचकांना या सगळ्याचं हसू आलं असेल तर आमची काही हरकत नाही. फक्त बसल्या जागेवरून एकदा उठा, हात न टेकता. कुणी बघत नाही. नाहीच जमलं तर योग्य सदरात घाला. आणि जमलंच, तर जाता जाता स्टेजवर जरा एक हात द्या. सगळे जिलेबीकडं गेलेत, आणि पोपटराव अजून तिथंच बसलेत.