गोड आवाजाचं बिल

पाणी खात्यात वाढीव बिलांच्या तक्रारी ऐकून बिलं दुरुस्त करण्याच्या टेबलावर धाकटीला घेतलं, तेव्हा घरच्यांना आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली. धाकटीची जीभ म्हणजे कात्री. आईने साधं "जेवलीस का?" विचारलं, तरी "उपाशी दिसते का?" असं उत्तर यायचं. पहिले तीन महिने शिकायचे. मग मोठ्या साहेबांच्या देखत एक तक्रार न चिडता निकालात काढायची. जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर घरी.

म्हणून तिने गोड बोलण्याचा सराव धरला. घरच्यांनी ऐकलं असतं तर जन्मभर चिडवलं असतं, तेव्हा न्हाणीघरात, नळ सोडून. "नमस्कार, बोला, काय अडचण आहे आपली?" रोज पाऊण तास.

परीक्षेच्या दिवशी साहेब हेडफोन लावून शेजारी बसले. फोन वाजला.

"तुमचं मीटर पिसाळलंय," पलीकडून बाबा गरजले.

धाकटीने आवाज ओळखला, तरी पाठ केलेलं "नमस्कार, बोला" गोडच म्हटलं. बाबांनी मात्र तिला ओळखलं नाही. इतकं गोड बोलणारं माणूस आपल्या घरातलं असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं.

"बिल कधीपासून वाढलंय, सांगता का?"

"तीन महिने. बिल दुप्पट. माझी मुलगी तुमच्याच कचेरीत आहे, पण मी वशिला लावणारा माणूस नाही."

"नळ गळतोय का कुठे?"

"ठणठणीत आहेत सगळे."

पुढचा प्रश्न छापील कागदावरच होता, टाळायची सोय नव्हती. "अंघोळीला... कुणाला जास्त वेळ लागतो का?"

"धाकटीला. पाऊण तास. बाहेर येते ती कोरडीच. पण विचारणार कोण? फाडून खाते हो."

साहेबांना ठसका लागला. 'मीटर खराब' या चौकटीत खूण केली, की अर्धं बिल माफ होणार होतं. कुणाला कळलंही नसतं. धाकटीने पेन टेकवलं आणि उचललं.

"मीटर ठीक आहे. बिल कमी नाही करता येणार. मला खरंच वाईट वाटतं," ती म्हणाली, आणि तिला वाटतही होतं.

"असू दे, बाई. नाही म्हणालात, पण किती गोड म्हणालात. आईवडील नशीबवान आहेत तुमचे."

फोन ठेवून धाकटीने साहेबांना सगळं सांगून टाकलं. "ते माझे बाबा. आणि पाणी मीच घालवलंय."

"नात्यातल्या बिलाला हात लावायचा नाही, हा नियम आहे," साहेबांनी कागद ओढून घेतला, वाचला आणि खाली सही केली. "निकाल माझाही हाच. उद्या वेळेवर या."

"उद्या?"

"पक्क्या माणसाला रोज यावं लागतं."

संध्याकाळी नोकरी पक्की झाल्याचं घरात कळलं, पण बाबा त्या फोनवरच्या बाईंचंच कौतुक सांगत बसले. "शिक जरा तिच्याकडून." धाकटी चक्क "शिकते" म्हणाली.

सकाळी सवयीने ती न्हाणीघरात शिरली. नळ मात्र बंद ठेवला. "नमस्कार, बोला, काय अडचण आहे आपली?"

बाहेर पावलं थांबली. मग दारावर हलकेच टकटक झाली.

"बाई," बाबा अगदी नम्रपणे म्हणाले, "आत आमची धाकटी असेल, तिला जरा बाहेर पाठवा. बिल तिच्या हातात द्यायचंय."