कंसातली मावशी

नर्सने कोणत्या एजन्सीत जावं हा प्रश्न इतका गंभीर आहे, की तो नर्सवर सोडून चालत नाही. त्यासाठी घरातली जाणती माणसं लागतात. शक्यतो ज्यांना इंजेक्शनची सुई बघूनच घेरी येते, अशी. आमच्याकडे अशी दोन माणसं होती आणि जुलैत दोघंही मोकळी होती, हे माझ्या मावशीचं थोर नशीब.

पहिले माझे बाबा, नंदकुमार. कुवेतमधल्या एका बँकेत ते सतरा वर्षं दुसऱ्यांचे कागद तपासतात. दुसरे वरच्या मजल्यावरचे शैलेशकाका. ते आयटीत असल्यामुळे त्यांना जगातल्या कुठल्याही गोष्टीची एक्सेल शीट करता येते, आणि ते करतात. तिसरी मी. अकरावीत आहे, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती आणि इंग्रजीतली मुंगीएवढी अक्षरं मला न अडखळता वाचता येतात. म्हणून मला सचिव नेमलं.

प्रकरण असं, की मावशीचं सध्याच्या कंपनीतलं कंत्राट ३१ जुलैला संपत होतं. त्याआधी नव्या एजन्सीने तिचा अकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, आपल्या नावावर घेतला तर ठीक. नाहीतर बॅगा भरायच्या. मावशीला फिरत्या नर्सा पुरवणाऱ्या एजन्सीत जायचं होतं. तीन महिने मीना अल-अहमदीच्या रिफायनरीतल्या दवाखान्यात, पुढचे तीन वफ्राच्या शेतांकडे, अशा नेमणुका.

पहिल्याच बैठकीत बाबांनी मला लेखनाची शिस्त शिकवली.

"इतिवृत्त म्हणजे निबंध नव्हे. महत्त्वाचं ते ओळीत लिहायचं, किरकोळ ते कंसात. आणि वाचून दाखवताना कंस गाळायचे. कळलं?"

कळलं. त्या दिवसापासून मी हा नियम पाळते. इथेही पाळलाय.

बैठक पहिली. उपस्थित: बाबा, शैलेशकाका, सचिव. चहा: आई. विषय: नर्सची सोय लावणे. (नर्स: देवयानी, कऱ्हाड. डायलिसिसचा अकरा वर्षांचा अनुभव. बैठकीच्या वेळी ड्युटीवर.) एजन्सी निवडताना भावनेच्या आहारी जायचं नाही, असं एकमताने ठरलं. (मावशीची एकच अट आहे: दिवाळीला घरी. तिची मुलगी मैथिली कऱ्हाडला वडिलांजवळ असते. आई आली की करू, असं म्हणून तिने दोन दिवाळ्या किल्ला केलेला नाही. मावळे खोक्यातच आहेत.)

मग शैलेशकाकांनी शंभर गुणांची शीट उघडली. ऑफिसचा पत्ता २०. मालक मूळ कुठला, २०. चहापाणी १५. पार्किंग १५. एसी १०. मंडळाच्या गणपतीच्या स्मरणिकेत जाहिरात आहे का, १०. मराठी कॅलेंडर देतात का, १०. बेरीज बरोबर शंभर आली तेव्हा काका इतके खूश झाले की त्यांनी लगेच सगळ्या रकान्यांना रंग भरले. (रजेचा रकाना घालायचा का, असं सचिवांनी विचारलं. बेरीज शंभरच्या पुढे जाईल म्हणून नामंजूर.)

आपल्याकडे स्थळ बघायला जातात तसे मग आम्ही शनिवारी एजन्स्या बघायला निघालो. बाहेर एकोणपन्नास डिग्री होतं. मावशी ड्युटीवर होती, त्यामुळे पाहणीत कसलाही अडथळा आला नाही.

पहिली एजन्सी 'पर्ल अँड पल्स'. बाविसावा मजला, समोर समुद्र. खजुराचे तीन प्रकार. रिसेप्शनवरच्या बाईंनी बाबांना 'सर' म्हटलं, तेव्हा बाबांची पाठ आपोआप ताठ झाली. मालक मराठी नसल्याने वीस गुण गेले, पण समुद्राचे जास्तीचे पाच द्यावेत असा काकांनी आग्रह धरला. एकूण ७८. (रजा: 'व्यवस्थापनाच्या इच्छेनुसार.' व्यवस्थापनाची इच्छा कधी होते, असं सचिवांनी विचारलं. बाईंनी आणखी खजूर दिले.)

दुसरी 'शुश्रूषा-सेतू'. इथे मात्र समितीचं भान हरपलं. मालक प्रीतमशेठ, मूळ सांगोल्याचे. बाबांच्या आत्याचं सासर सांगोल्याचं. पंधरा मिनिटांत दोघांना एक समान डॉक्टर सापडले, दोघांचंही अपेंडिक्स त्यांनीच काढलेलं. वेलची घातलेला चहा, वर खारी बिस्किटं, भिंतीवर गणपती, निघताना प्रत्येकाला कॅलेंडर आणि एजन्सीचं नाव छापलेलं पेन.

"आपली माणसं आहेत तुम्ही," प्रीतमशेठ म्हणाले. "आपल्यात कागद काय वाचायचे?"

"अगदी बरोबर," म्हणाले बाबा. सतरा वर्षं कागद वाचण्याचाच पगार घेणारे बाबा. एकूण ९१. (सचिवांनी कागद वाचला. कलम अकरा: पहिले अठरा महिने रजा नाही. कलम बारा: पासपोर्ट एजन्सीच्या कपाटात राहील, 'सुरक्षिततेसाठी'.)

तिसरी एजन्सी मावशीनेच, वॉर्डात नाव ऐकून, सुचवली होती, म्हणून सगळ्यात शेवटी ठेवली. शुवैखला, टायरच्या दुकानावर, एका खोलीत. बाबांनी गाडी लावली, तर दोन मिनिटांत मेकॅनिकने येऊन बॉनेट उघडलं. पार्किंग शून्य. मालकीण सुरैयाबाई, दापोलीच्या. चहा नाही. स्मरणिका नाही. एसी इतका जुना की शैलेशकाका म्हणाले, "हा बहुतेक माझ्याआधी कुवेतला आलाय."

सुरैयाबाईंनी चष्मा वर केला. "बसा. नर्स कुठाय?"

"ड्युटीवर," बाबा म्हणाले. "आम्ही तिच्या वतीनं आलोय."

"बरं. नाव काय तिचं? पूर्ण."

बाबांनी काकांकडे पाहिलं. काकांनी शीट पाहिली. शीटमध्ये 'उमेदवार १' होतं. आमच्या घरात सगळे तिला 'ताई' म्हणतात किंवा 'मावशी', त्यात काय एवढं! आडनाव तर सासरचं.

"बाय, तू सांग," सुरैयाबाई मला म्हणाल्या. मी सांगितलं. समितीच्या दृष्टीने ही भेट अपमानास्पद ठरली. एकूण २३. (दर तीन महिन्यांच्या नेमणुकीनंतर पंधरा दिवस रजा, तारीख नर्सने सांगायची. पासपोर्ट नर्सच्याच पर्समध्ये. "तिला म्हणावं, आधी तुझी तारीख लिही, मग मी सही करते." — सुरैयाबाई.)

निर्णय उघडच होता. पुढच्या शुक्रवारी सह्यांचा कार्यक्रम ठेवला. आईने शिरा केला. शुश्रूषा-सेतूचा करार टेबलावर, त्यावर शुश्रूषा-सेतूचं पेन. मावशी रात्रपाळी करून थेट आली होती, मोजे सुद्धा काढले नव्हते.

"ताई, तू कसली काळजी करू नकोस," आई म्हणाली. "ह्यांनी सगळं बघितलंय."

"हो ना," मावशी म्हणाली आणि पेन उचललं. इतकी दमली होती की करारात काय लिहिलंय ते तिने विचारलंसुद्धा नाही. फक्त एवढंच म्हणाली, "मैथूला काय सांगू, येणार म्हणून?"

"सांग की! प्रीतमशेठ घरचेच आहेत," म्हणाले बाबा. "हं, सचिव, इतिवृत्त वाचा. मग सही."

मी उभी राहिले. आता नियम असा की कंस गाळायचे. पण महत्त्वाचं सगळं सगळ्यांना पाठ होतं, मग ते परत कशाला वाचा? वेळेची बचत म्हणून मी ओळी गाळल्या आणि नुसते कंस वाचले. पहिल्यापासून शेवटपर्यंत. खोक्यातल्या मावळ्यांपासून कलम बारापर्यंत, आणि तिथून पर्सपर्यंत.

शिरा गार झाला.

"हे कधी झालं?" बाबांनी विचारलं.

"तुमच्यासमोरच, बाबा. तुम्ही बिस्किट बुडवत होतात."

"पण एक्क्याण्णव आहेत," शैलेशकाका क्षीण आवाजात म्हणाले.

मावशीने पेन खाली ठेवलं. कलम अकरावर बोट ठेवून ते स्वतः एकदा वाचलं. मग मला म्हणाली, "त्या शुवैखवाल्या बाईंचा नंबर आहे का गं?"

"ताई, तिथे पार्किंगच नाहीये!" बाबा कळवळून म्हणाले.

"भावजी, माझ्याकडे गाडीच नाहीये."

रविवारी सही झाली, ती सुद्धा मावशीच्या स्वतःच्या पेनाने. तारखेच्या रकान्यात तिने वसुबारसेचा दिवस लिहिला. अकामा २९ जुलैला बदलून आला. ज्या समितीच्या मार्गदर्शनाखाली हे सगळं घडलं, तिने पुढच्या बैठकीत स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव केला. शैलेशकाकांनी शीट सुधारली. आता त्यात 'नर्सचं मत' हा रकाना आहे, पाच गुणांचा. ते पाच त्यांनी पार्किंगमधून काढले, आणि हा त्याग ते मंडळात सगळ्यांना सांगतात. मैथिलीने मावळे धुऊन गच्चीत वाळत घातले आहेत. फोटो आलाय. एकाचा भाला मोडलाय.

तुम्ही इथपर्यंत हसत आलात. बाबांना हसलात, काकांना हसलात. हसा, माझी हरकत नाही. फक्त एक करा. माझ्या मावशीचं नाव काय, आणि ती कसली नर्स आहे, ते वर न बघता सांगा. दोन्ही मी एकदाच लिहिलंय. कंसात.

(वेलचीचा चहा कुठे मिळाला ते विचारत नाहीये. ते तुम्हाला आठवत असेलच.)